हौसेचा ब्लॉग आणि प्लगइनचा पसारा : जांबे येथील एका पॉलिशवाल्याचा अनुभव

दुकान बंद करताना आपण कुलूप लावतो आणि ते दोनदा ओढून पाहतो. दुकानाच्या किल्ल्या किती आणि त्या कोणाकोणाकडे आहेत, हे आपल्याला झोपेतही सांगता येते. मात्र ज्या व्यापारी बंधूंनी इंटरनेटवर आपले पान उघडले आहे त्यांना हाच प्रश्न विचारला तर बहुतेक जण गप्प राहतात. मीही पाच वर्षे गप्पच होतो. 2021 च्या पावसाळ्यात माझ्या ब्लॉगवरचा सगळा मराठी मजकूर एका रात्रीत प्रश्नचिन्हांचा झाला, तेव्हा कुठे डोळे उघडले. ती हकिगत पुढे येईलच.

मी लाकडाला पॉलिश करणारा कारागीर. काम शिकलो पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटच्या आसपास, उस्तादांच्या हाताखाली. पुढे मुळशी तालुक्यात जांबे येथे लहानशी शेड घेतली. मारुंजी, नेरे, पुनावळे या बाजूला इमारती उभ्या राहत होत्या आणि हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारी मंडळी तिथे राहायला येत होती. त्यांच्याकडे नवे प्लायवूडचे फर्निचर असते, पण गावाकडच्या वाड्यातून आणलेले आजीचे कपाट किंवा शिसवी पलंगही असतो. तो मेलामाइनने चकचकीत करून चालत नाही. त्याला चपडी लाखेचेच पॉलिश लागते, आणि ते करणारे हात आता कमी झाले आहेत.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची आपली वही. नवी नोंद वर, जुनी खाली. माझ्या एका गिऱ्हाइकाने, आयटीतल्या एका साहेबांनी, 2014 साली मला तो काढून दिला. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही पॉलिश करताना जे सांगता ते लिहून ठेवा. लाख स्पिरिटमध्ये किती तास भिजवायची, कापसाचा बोळा मलमलीत कसा बांधायचा, कोणत्या लाकडाला किती हात द्यायचे. मी हसलो. आमच्या धंद्यात हुनर शागिर्दाचा हात धरून शिकवतात, कागदावर कोणी लिहीत नाही. पण उस्ताद तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली होती. म्हणून दर शुक्रवारी दुपारनंतर त्यांच्याकडे बसू लागलो. ते बोलायचे, मी फोनमध्ये टिपून घ्यायचो आणि रात्री ब्लॉगवर चढवायचो. यात एक पैसा मिळत नव्हता. निव्वळ हौस होती.

फुकटच्या जागेतून भाड्याच्या जागेत

पहिला ब्लॉग ब्लॉगर या सेवेवर होता. ही सेवा 1999 साली पायरा लॅब्ज या लहान कंपनीने सुरू केली आणि 2003 साली गूगलने ती विकत घेतली. फुकट, सोपी, आणि कारागिराने हात मळवण्यासारखे त्यात काही नाही. आजही ज्याला फक्त लिहायचे आहे त्याला मी हीच सुचवीन. पण फुकटच्या जागेचा मालक दुसरा असतो, हे विसरू नये. एके काळी लाखो लोकांची पाने जिओसिटीज या सेवेवर होती. याहूने 2009 साली ती बंद केली आणि ज्यांनी नक्कल ठेवली नव्हती त्यांचे काम गेले.

हे ऐकून मी घाबरलो आणि 2016 साली वर्डप्रेसवर आलो. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण पुष्कळ जण गोंधळतात. वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक कंपनीची तयार सेवा, जिथे जागा त्यांची आणि नियमही त्यांचे. दुसरे म्हणजे वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर, जे फुकट उतरवून आपण भाड्याने घेतलेल्या जागेवर बसवायचे. त्या भाड्याच्या जागेला होस्टिंग म्हणतात, आणि पाटीवरच्या नावाला डोमेन. दोन्हींचे भाडे दर वर्षी भरावे लागते. मी दुसरा मार्ग घेतला.

या सॉफ्टवेअरची जन्मकथा हौशी माणसाला आवडेल अशी आहे. फ्रान्सच्या मिशेल वाल्ड्रिगी यांनी ब्लॉग लिहिण्यासाठी 'बी-टू' नावाचे एक सॉफ्टवेअर केले होते. त्यांचे त्यावरील काम थांबले. ते वापरणारा एक अमेरिकन तरुण, मॅट मुलनवेग, अडचणीत आला. त्याने 2003 च्या जानेवारीत आपल्या ब्लॉगवर लिहिले, की आता हे काम पुढे न्यायला हवे. इंग्लंडच्या माइक लिटल यांनी उत्तर दिले की मी मदत करतो. त्याच वर्षी 27 मे रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. मुलनवेग तेव्हा 19 वर्षांचा होता. आज जगातील 40 टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे यावर चालतात. बी-टूचा परवाना जी.पी.एल. होता, म्हणजे कोणीही ते वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि पुढे द्यावे. म्हणूनच कोणाची परवानगी न मागता ते पुढे नेता आले.

प्लगइन म्हणजे काय

वर्डप्रेस म्हणजे रिकामी शेड समजा. त्यात पंखा नाही, फळ्या नाहीत. ते सर्व वेगळे आणून बसवायचे. बाहेरून आणून बसवायच्या या भागांना प्लगइन म्हणतात. 2004 साली 1.2 या आवृत्तीपासून ही सोय आली. कोणी फोटोंची मांडणी करून देतो, कोणी गिऱ्हाइकाचा निरोप पोचवण्याचा फॉर्म देतो, कोणी नकली प्रतिक्रिया अडवतो. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात असे सुमारे साठ हजार फुकट प्लगइन आहेत. एक बटण दाबले की बसले.

आणि घोटाळा येथेच आहे. ज्याला आयुष्यभर प्रत्येक खिळा विकत घ्यावा लागला त्याच्यासमोर साठ हजार अवजारे फुकट ठेवली तर तो काय करील? मी वर्षभरात 31 प्लगइन बसवले. एक घड्याळ दाखवायचा. एक बर्फ पाडायचा. जांब्यात बर्फ! एक असा होता की लेखावर उजवे बटण दाबू देत नसे, म्हणजे म्हणे चोरी होत नाही. माझे शब्द चोरून कोणी श्रीमंत होणार नव्हता, पण बसवला.

परिणाम असा झाला की पान उघडायला इतका वेळ लागू लागला की माणूस कंटाळून निघून जाई. उस्तादांना मी मोठ्या अभिमानाने त्यांच्या बोलण्याची नोंद दाखवायला गेलो. ते चहा पिऊन मोकळे झाले तरी पडदा कोराच. म्हणाले, “तुझी लाख अजून विरघळली नाही वाटते.” त्या रात्री एकेक प्लगइन बंद करून पाहिला. एकाच फोटोच्या प्लगइनमुळे निम्मा वेळ जात होता.

फोटोवरून आठवले. पॉलिशच्या धंद्यात रंग हीच सगळी बाब असते. फोनचा फोटो चार-पाच एमबीचा, म्हणून मी फोटो आकसणारा एक प्लगइन बसवला. काही दिवसांनी एक बाई तक्रार घेऊन आल्या, की तुमच्या पानावर सागवान फिकट दिसते म्हणून मी तो रंग सांगितला आणि तुम्ही गडद करून दिलात. तपास केला तेव्हा कळले की फोटो आकसताना तो प्लगइन त्यातली रंगाची नोंदही काढून टाकत होता, आणि काही फोनचे फोटो त्यामुळे मळकट, फिके दिसतात. त्या बाईंचे स्टूल मी पुन्हा घासून, हलका हात देऊन दिले. आता रंग पसंत करायला लाकडाचे तुकडेच दाखवतो, फोटो नाही. रंगारी, शिंपी, कापडाचे व्यापारी यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मराठीची वेगळी अडचण

इंग्रजीतल्या मार्गदर्शनात न सापडणारी एक अडचण सांगतो. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून त्याचा पत्ता आपोआप तयार करते. इंग्रजी मथळ्याला हे ठीक. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा पत्त्यात जाताना टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षरे-आकडे मिळून नऊ खुणांची होते. आणि त्या पत्त्याला मर्यादा 200 खुणांची. हिशेब करा. जेमतेम बावीस अक्षरे-मात्रा बसतात, पुढचे तुटते.

माझी एक नोंद होती, 'पावसाळ्यात पॉलिश पांढरे का पडते'. पत्ता झाला 'पावसाळ्यात-पॉलिश-पांढरे' एवढाच. नंतर दुसरी लिहिली, 'पावसाळ्यात पॉलिश पांढरे पडल्यास काय करावे'. तिचाही पत्ता तोच, फक्त शेवटी दोनचा आकडा. मी लोकांना एक पाठवायचो, उघडायची दुसरी. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो पत्ता दोन-तीन ओळींचा अगम्य पट्टा दिसायचा. एका चाचांनी विचारले, “यात व्हायरस तर नाही ना?” उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन शब्द हाताने लिहावेत. त्यासाठीही प्लगइन मिळतो, पण जे काम हाताने पाच सेकंदांत होते त्याला नोकर कशाला?

मराठी टाइप करण्याची अडचण मात्र आता उरलेली नाही. पूर्वी प्रत्येक फॉन्टची लिपी निराळी होती. एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येत नसे. युनिकोड आल्यावर ते सुटले. ओंकार जोशी यांनी तयार केलेली 'गमभन' ही सोय अनेक मराठी संकेतस्थळांनी वापरली आणि पुष्कळांनी पहिले मराठी अक्षर तिच्याच आधारे इंटरनेटवर उमटवले. आज फोनमध्येच मराठीचा कळफलक येतो, बोलूनही लिहिता येते.

डिसेंबर 2018 मध्ये वर्डप्रेसने लिहिण्याची चौकटच बदलली. तिला नाव दिले गुटेनबर्ग, छपाईच्या त्या जर्मन कारागिराचे. आता प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक फोटो म्हणजे सुटी वीट. मला ते पसंत पडले नाही आणि लाखो लोकांप्रमाणे मीही 'क्लासिक एडिटर' हा प्लगइन बसवून जुनीच चौकट परत आणली. अजून तीच वापरतो. नव्या मुलांना विटा आवडतात. असो.

निरोप हरवला, गिऱ्हाईक गेले

पानावर फॉर्म होता. नाव लिहा, काम लिहा, बटण दाबा, निरोप मला ईमेलने येणार. दोन महिने एकही निरोप आला नाही. मी समजलो की मंदी आहे. एके दिवशी मारुंजीचे एक गृहस्थ रस्त्यात भेटले आणि म्हणाले, “तुम्ही उत्तरच देत नाही, काम दुसऱ्याला दिले.” जेवणाचे टेबल आणि आठ खुर्च्यांचे काम होते. आमच्यासारख्याला ते महिन्याच्या भाड्याचे काम. ईमेल उघडून पाहिले तर नको असलेल्या पत्रांच्या खणात अकरा निरोप पडलेले. होस्टिंगच्या यंत्रावरून साध्या मार्गाने निघालेल्या पत्राला ईमेलवाल्या कंपन्या संशयाने पाहतात. ते आपल्या ईमेल खात्यामार्फत रीतसर पाठवण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते, आणि फॉर्मचे निरोप साइटवरही साठतील असे करावे लागते. मी तो फॉर्मच काढला आणि ठळक अक्षरांत फोन नंबर टाकला. कारागिराला फॉर्मची काय गरज?

विक्रीची पूर्ण व्यवस्थाही बसवून पाहिली. वूकॉमर्स नावाचा प्लगइन 2011 सालापासून फुकट मिळतो. माल, किंमत, टोपली, पैसे भरणे, सगळे त्यात आहे. अत्तर, टोप्या, मसाले, तयार कपडे विकणाऱ्यांना तो जरूर उपयोगी पडेल, कारण त्यांचा माल मोजून बांधून पाठवता येतो. पण पॉलिशची किंमत कपाट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तीन आठवडे खटपट करून काढून टाकला. त्याच्या पाठोपाठ बसवलेले चार लहान प्लगइन मात्र तसेच राहिले, हे मला दोन वर्षांनी कळले.

किल्ली कोणाकडे

आता मुख्य गोष्टीकडे येतो. प्लगइन बसवणे म्हणजे परक्या माणसाला दुकानाची किल्ली देणे आहे. तो गल्ला उघडू शकतो, वह्या बदलू शकतो, मागच्या दाराने आणखी कोणाला आत घेऊ शकतो. बहुतेक प्लगइन करणारे सज्जन असतात, आपल्यासारखेच हौशी. परंतु सज्जन माणूस दुकान विकू शकतो, आणि विकत घेणारा कोण हे आपल्याला कोणी सांगत नाही.

'डिस्प्ले विजेट्स' या प्लगइनचे उदाहरण पाहावे. सुमारे दोन लाख संकेतस्थळांवर तो बसलेला होता. 2017 साली मूळ कर्त्यांनी तो 15 हजार डॉलरला विकला. नव्या मालकाने पुढच्या आवृत्तीत चोरवाट घातली आणि लोकांच्या पानांवर आपला जाहिरातीचा मजकूर टाकू लागला. सर्वांत धूर्त भाग असा, की साइटचा मालक आपल्या खात्यात शिरलेला असेल तर त्याला तो मजकूर दिसत नसे. बाहेरच्या वाचकालाच दिसे! अधिकृत भांडारातून हा प्लगइन चार वेळा काढावा लागला, तेव्हा तो कायमचा गेला. म्हणून मी आता महिन्यातून एकदा माझे पान शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या फोनवर उघडून पाहतो.

दुसरे उदाहरण चुकीचे आहे, लबाडीचे नव्हे. 'डब्ल्यूपी फाइल मॅनेजर' हा प्लगइन सुमारे सात लाख साइटवर होता. सप्टेंबर 2020 मध्ये त्यात अशी फट सापडली की कोणीही परका माणूस पासवर्डशिवाय आपल्या फायली आत टाकू शके. दुरुस्ती लगेच निघाली, पण ज्यांनी ती उतरवून घेतली नाही त्यांच्या साइट उघड्याच राहिल्या. तेव्हा प्लगइन ठेवायचा तर त्याच्या नव्या आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात, आणि वापरायचा नसेल तर नुसता बंद न करता पुसून टाकावा. बंद प्लगइनच्या फायली यंत्रावर तशाच पडून राहतात.

बसवण्यापूर्वी मी काय पाहतो? शेवटची दुरुस्ती कधी झाली. किती साइटवर चालू आहे. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्ता उत्तर देतो की नाही. वर्डप्रेसच्या ताज्या आवृत्त्यांवर तपासलेला नसेल तर भांडारच तशी सूचना दाखवते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. जुना प्लगइन आणि यंत्रावरची नवी भाषा यांचे जमले नाही तर साइटचा नुसता पांढरा पडदा होतो. मला 2022 साली हे झाले. घाबरू नये. होस्टिंगच्या फायलींच्या खणात जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलले की तो आपोआप बंद पडतो आणि पान परत येते.

फुकट आणि चोरीचे

पैसे देऊन घ्यायचे प्लगइनही असतात. त्यांच्या प्रती 'फुकट घ्या' म्हणून टेलिग्रामवर आणि अनोळखी पानांवर मिळतात. कायद्याने पाहिले तर वर्डप्रेसचा परवाना असा मोकळा आहे की पुष्कळ प्लगइनची प्रत दुसऱ्याला देणे हा स्वतःच गुन्हा ठरत नाही. पण अनोळखी हातातून आलेल्या प्रतीत काय मिसळले आहे हे कोण सांगणार? भेसळीची लाख आपण वासावरून ओळखतो. येथे वास येत नाही. शिवाय नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत त्या वेगळ्याच.

आणखी एक बाब. 'अकिस्मेट' हा नकली प्रतिक्रिया अडवणारा प्लगइन 2005 पासून आहे आणि वर्डप्रेससोबत येतो. वैयक्तिक ब्लॉगला तो फुकट, धंद्याच्या साइटला पैसे. मी नोंदणी करताना 'वैयक्तिक' असे लिहिले होते. पुढे पानावर दुकानाचा नंबर टाकला, त्यावरून कामे येऊ लागली. मग ते वैयक्तिक राहिले का? विचारणारे कोणी नव्हते. मला स्वतःलाच ते बरे वाटेना. प्रतिक्रियांची सोयच बंद केली, कारण वाचक फोनच करतात. अकिस्मेट काढला.

प्रश्नचिन्हांची रात्र

जुलै 2021. होस्टिंगचे भाडे एकदम वाढले, म्हणून स्वस्त ठिकाणी जायचे ठरवले. कोणती कंपनी ते लिहीत नाही, कारण निम्मी चूक माझी होती. सामान हलवण्यासाठी एक प्लगइन वापरला. तो मधेच अडकला. मग नव्या ठिकाणच्या मदतनिसाने हाताने हलवून दिले, आणि झाले म्हणून सांगितले. मी पान उघडले. फोटो जागेवर, रंग जागेवर, आणि शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हे. ओळीच्या ओळी, पानेच्या पाने.

कारण असे होते. सगळा मजकूर ज्या कोठारात राहतो त्याला डेटाबेस म्हणतात. ते उघडताना कोणत्या लिपीसाठी उघडायचे हे सांगावे लागते. नव्या ठिकाणी ते केवळ युरोपच्या अक्षरांसाठी उघडले गेले. जे अक्षर त्यात बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडते, आणि मूळ अक्षर पुसले जाते. इंग्रजी साइट असती तर कोणाला कळलेही नसते. मी घाईने जुन्या ठिकाणचे खाते त्याच दिवशी बंद करून टाकले होते, ही माझी निम्मी चूक.

नक्कल? नक्कल घेणारा प्लगइन बसवलेला होता. दर आठवड्याला नक्कल घेत होता. पण ठेवत होता त्याच होस्टिंगच्या जागेत. म्हणजे दुकान जळाले आणि विम्याचे कागद दुकानातच.

उस्ताद 2019 मध्ये वारले होते. ब्लॉगवर 64 नोंदी होत्या, त्यातल्या बहुतेक त्यांच्या तोंडच्या. फोनमधली मूळ टिपणे मी ब्लॉगवर चढवल्यावर पुसून टाकत असे, कारण आता ती 'कायमची' ठेवली गेली होती ना.

त्या साहेबांना फोन केला, ज्यांनी पहिला ब्लॉग काढून दिला होता. त्यांनी अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेची गोष्ट सांगितली. ही संस्था 1996 पासून जगभरच्या पानांच्या नकला आपणहून ठेवते आणि 2001 पासून त्या कोणालाही फुकट पाहता येतात. तिथे माझ्या पत्त्याने शोधले. 37 नोंदी मिळाल्या! पॉलिशवाल्याच्या मराठी वहीची नक्कल कोणी तरी इतक्या दूर जपून ठेवली होती. 16 नोंदी गिऱ्हाइकांच्या आणि ओळखीच्या कारागिरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडल्या, कारण मी त्या पत्त्याऐवजी पूर्ण मजकूर म्हणून पाठवल्या होत्या. त्या वेड्यावाकड्या पत्त्यांना कंटाळूनच, हे विशेष. आठ मी आठवून पुन्हा लिहिल्या आणि उस्तादांच्या दुसऱ्या शागिर्दाकडून तपासून घेतल्या. तीन गेल्या.

सध्याची व्यवस्था

आज माझ्या ब्लॉगवर सहा प्लगइन आहेत. नक्कल घेणारा प्लगइन दर रविवारी नक्कल माझ्या गूगल ड्राइव्हवर टाकतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ती पेनड्राइव्हवर उतरवतो, आणि वर्षातून दोनदा जुन्या लॅपटॉपवर ती नक्कल उघडून मराठी अक्षरे दिसतात की नाही ते पाहतो. न उघडलेली नक्कल आहे असे धरून चालू नये. सर्व नोंदी कागदावर छापूनही ठेवल्या आहेत, रु. 200 च्या आत काम झाले. जागा बदलायची वेळ आली तर नवीन ठिकाणी सगळे वाचून पाहीपर्यंत जुने भाडे एक महिना चालू ठेवावे, एवढी रक्कम वाचवण्यात शहाणपणा नाही.

फुकटच्या भांडाराबद्दलही आंधळा विश्वास राहिलेला नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये मुलनवेग यांचे डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी बिनसले. त्या कंपनीला भांडाराचे दार बंद करण्यात आले, आणि ऑक्टोबरमध्ये तिच्या एका लोकप्रिय प्लगइनची भांडारातली जागाच नाव बदलून ताब्यात घेतली गेली. वीस लाखांहून अधिक साइट तो वापरत होत्या. प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. भांडणात कोण बरोबर हे मला ठरवायचे नाही. पण सॉफ्टवेअर सर्वांचे असले तरी भांडाराची किल्ली एका माणसाच्या खिशात आहे, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

शिकायची इच्छा असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. वर्डप्रेस वापरणाऱ्यांचे मेळावे पुण्यात भरत आले आहेत, आणि यातले एक मोठे नाव पुण्याचेच आहे. राहुल बन्सल यांनी ब्लॉग लिहिता लिहिता 2009 साली आरटीकॅम्प ही कंपनी काढली आणि ती वर्डप्रेसच्याच कामावर वाढली. आपल्या मुलांपैकी जी संगणक शिकत आहेत त्यांनी तिकडे जरूर पाहावे. मराठी मजकूर सांभाळून साइट हलवून देणारा, देवनागरीचे पत्ते नीट करून देणारा माणूस शोधायला मी फार हिंडलो. हे काम करणाऱ्याला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

त्या हरवलेल्या तीन नोंदींपैकी दोन किरकोळ होत्या. तिसरी शिसवीवरच्या काळपट तांबड्या रंगाची होती. उस्ताद चपडी लाखेत काही तरी मिसळून तो रंग आणत आणि प्रमाण तोळ्यांत सांगत. ते प्रमाण मला आठवत नाही. शेडमध्ये मागच्या भिंतीला शिसवीचे चौदा तुकडे टांगले आहेत, प्रत्येकावर मागे खडूने प्रमाण आणि तारीख. अकरावा बराच जवळ आला आहे. चौदावा अजून वाळायचा आहे, पावसाळी हवेत लाख लवकर वाळत नाही.